भाकरी पूर्ण दिसली पाहिजे

दौलतनाना दुर्बिणीच्या दुकानात शिरला की आधी दोन गोष्टी करायचा. सदऱ्याच्या खिशातून जाड भिंगांचा चष्मा काढून नाकावर चढवायचा आणि मग दोन्ही हात थरथरवायला लागायचा. थंडीताप भरलेला माणूस थरथरतो तसे. तेवढं झालं की दुकानदाराला म्हणायचा, "हां शेठ, आता दाखवा."

आता नानाला चष्मा नाही. सत्तरी ओलांडली तरी पेपरातल्या बारीक जाहिराती तो उघड्या डोळ्यांनी वाचतो. आणि हात म्हणाल तर कांद्याची भरली गोणी काट्यावर चढवताना तो हात कधी हलला नाही. पहिल्या दिवशी दुकानदार बिचारा घाबरला. खुर्ची आणली, पाणी आणलं. नानानं हात थांबवले, पाणी प्याला, ग्लास नीट खाली ठेवला आणि पुन्हा थरथरायला सुरुवात केली.

दुकानदारानं माझ्याकडं बघून डोळ्यांनीच विचारलं, काय झालंय यांना? मी काय सांगणार? मेनरोडच्या गर्दीत ओळखीचं कोणी आपल्याला बघत तर नाही ना, तेवढं मी बघत होतो.

मी शिकलेला नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. चौथीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरांनीच हात जोडले. पण पंचवटीत पन्नास वर्षं मोटर रिवायंडिंगचं दुकान चालवलं. जळालेल्या मोटरवर पंजा ठेवून आत काय गेलंय ते सांगायचो, आणि डिग्रीवाले पोरगे मीटर लावून तेच सांगायचे, अर्ध्या तासानं. तेव्हा माझ्या लिहिण्यात चुका काढायला कोणी बसू नये. नानाबद्दल लिहायचा हक्क माझाच आहे. बारा वर्षं त्याची नि माझी भिंत एक आहे. त्याच्या घरातली शिट्टी वाजली तर आमची मंडळी आपल्या कुकरचा गॅस बंद करते, इतकी एक.

नाना मूळचा विंचूरचा. तिथल्या कांद्याच्या बाजारात मापाडी होता. शेतकऱ्याचा माल काट्यावर घालायचा आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे मापाड्याचं काम. एका अंगाला शेतकरी, दुसऱ्या अंगाला व्यापारी, दोघांचे डोळे काट्यावर आणि मधे नाना. चाळीस वर्षांत 'नानानं काटा मारला' असं कोणी म्हणालं नाही. पेन्शनीत निघाल्यासारखा तो नाशकात येऊन बसला, पण काटा काही सुटला नाही. खिशात कायम एक ताणकाटा. वरची कडी बोटात धरायची, खालच्या आकड्याला वस्तू लटकवायची आणि वजन वाचायचं. एवढंसं यंत्र, पण त्यानं आमची सगळी गल्ली धाकात ठेवली.

कोणाकडं पेढे आले की नाना आधी भरला बॉक्स तोलणार, मग रिकामा. "शेठनं साठ ग्रॅम पुठ्ठा खाऊ घातला," असं जाहीर करणार, आणि मगच पेढा तोंडात टाकणार. आमच्याकडून वाटीभर साखर नेली तर तेवढीच परत आणणार, वर चिमूटभर जास्त. "येताना वाऱ्यानं उडाली आसंल," म्हणून. कोणी म्हणालं, "नाना, आज ऊन लय हाय," तर उत्तर ठरलेलं. "काट्यावर येऊ दे." कोणी म्हणालं, "नाना, अमक्याची सून फार भांडखोर," तरी तेच. "काट्यावर येऊ दे." म्हणजे आधी मोजा, मग बोला. आमच्या गल्लीतली निम्मी भांडणं या एका वाक्यानं पेटायच्या आधीच विझली, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

अशा माणसाला दुर्बीण कुठून सुचली, त्याला कारण झाला झेंडा.

चैत्राच्या पौर्णिमेला सप्तशृंगीच्या गडावर यात्रा भरते. गडाच्या माथ्यावर जो उभा सुळका आहे त्याला वाट नाही. तरी आदल्या रात्री मानाच्या घराण्यातला माणूस वर जातो, शिखरावर देवीचा झेंडा लावतो आणि उतरून येतो. कसा जातो ते त्याला ठाऊक आणि देवीला ठाऊक. सकाळी उजाडलं की खालच्या सगळ्या गावांचे डोळे शिखराकडं.

नानाची बायको, आमची शेवंतावहिनी, वणीच्या पलीकडं गडाच्या पायथ्याला असलेल्या एका वाडीची. त्या वाडीची एक चाल आहे. पौर्णिमेच्या सकाळी सगळी वाडी मळ्याच्या बांधावर उभी राहते. झेंडा ज्याला पहिला दिसेल त्यानं 'दिसला!' म्हणून ओरडायचं. त्या दिवसाची पहिली पुरणपोळी त्याची. वहिनी पाच वर्षांची असल्यापासून ती पोळी वहिनीची. लग्न झालं, नातवंडं झाली, तरी दर चैत्रात माहेरी जाणार, बांधावर उभी राहणार आणि पोळी जिंकून येणार. मागच्या चैत्रात नानानं आम्हालाही नेलं होतं. मी डोळे चोळत उभा होतो तेवढ्यात वहिनी ओरडली, "दिसला!" मग इतरांनाही दिसला, मला सगळ्यांत शेवटी. पहिली पोळी ठरल्या जागी गेली.

तिथून परत आल्यावर आठ दिवसांनी नाना माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"बापू, दुर्बीण घ्यायची हाय. पुढच्या चैत्राच्या आत. झेंडा दिसला पाहिजे म्हणजे दिसलाच पाहिजे. सात हजार हायेत, वर रुपया नाय."

मला हसू आलं. इतकी वर्षं बायकोकडून हरलेला माणूस आता यंत्र घेऊन मैदानात उतरणार! मी म्हटलं, "नाना, बायकोच्या पोळीवर डोळा हाय व्हय तुझा?"

नाना हसला नाही. "आसू दे," म्हणाला.

आता माझ्याकडं स्वतःची दुर्बीण आहे. द्राक्षांच्या प्रदर्शनाबाहेर एक जण रस्त्यावर विकत होता, त्याच्याकडून घेतलेली. वीस पट मोठं दाखवते. पुढच्या काचा डाळिंबाच्या दाण्यासारख्या लाल. गळ्यात घातली की माणूस मिलिटरीतला वाटतो. मी ती मोठ्या मनानं नानापुढं ठेवली. "ही घेऊन जा. सात हजार वाचव."

नानानं ती आधी आकड्याला लटकवली. "एक किलो शंभर," म्हणाला. मग हातभर लांब धरून तिचं तोंड आभाळाकडं केलं आणि डोळा लावायच्या काचेत लांबूनच बघितलं.

"बापू, हा पांढरा ठिपका बघ. केवढा हाय?"

"मोहरीएवढा."

"आणि चारी अंगांनी कातरल्यासारखा. तुझ्या डोळ्यात उजेड येनार तो या ठिपक्यातून. मोहरीतून सकाळी सकाळी काय दिसनार? पुढची काच पन्नास मिलिमीटरची, मोठं करती वीस पट. पन्नासला विसानं भाग. अडीच. आता बेचाळीसची काच घे आणि आठ पट. भाग. पाचाच्या वर येतात. म्हंजी तुरीचा दाणा. मोहरीपेक्षा तूर बरी का नाय?"

"आणि लाल काचा?" मी विचारलं. कारण त्या काचांवर माझा जीव.

"लाल उजेड मागं ढकलती ती. देवीचा झेंडा लाल. तोच मागं ढकलला तर बघायचं काय, काठी?"

मी माझी दुर्बीण उचलून घरात नेली. चार दिवस नानाशी बोललो नाही. एवढं शास्त्र या माणसाला आलं कुठून? तर मोबाइलवर बघून बघून, वहीत उतरवून. कांद्याच्या हिशोबाची पट्टी लिहायच्या अक्षरात.

मग सुरू झाली दुकानाची वारी. महिन्यातून दोनदा तरी. मला सोबत न्यायचाच, कारण मी नाही म्हटलं तरी माझा पाय घरात ठरत नाही हे त्याला माहीत. चष्मा, थरथर, आणि मग एकेक दुर्बीण काट्याला. सातशे ग्रॅमच्या वर गेली की बाद. गळ्यात अडकवून पंधरा मिनिटं नुसता उभा राहायचा, मान भरून येते का बघायला. गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून जायची. मग दारात येऊन समोरच्या विजेच्या तारेकडं बघायचा. तारेला जांभळी किनार दिसली की बाद. आणि सगळ्यांत मोठी परीक्षा भाकरीची. दुर्बिणीत जो गोल दिसतो त्याला नाना भाकरी म्हणायचा. चष्मा काढून बघितलं की बहुतेक दुर्बिणींत भाकरी पूर्ण दिसते. चष्मा घालून बघितलं की डोळा काचेपासून लांब राहतो आणि कडेनं काळं येतं.

"चतकोर दिसतीय शेठ," नाना थरथरत म्हणायचा. "भाकरी पूर्ण दिसली पाहिजे."

"आजोबा, चष्मा काढा ना मग!" दुकानदार शेवटी रडकुंडीला आला. "तुम्हाला त्याच्याशिवाय चांगलं दिसतं, मी बघतोय ना. मागच्या वेळी बिलावरचं बारीक छापलेलं वाचलंत तुम्ही!"

"नाय. चष्म्यानंच दिसलं पाहिजे."

"आणि ते हात?"

"हात आसेच राहनार."

दुकानदारानं तरी त्याला एकदाही जा म्हटलं नाही, हे त्याचं मोठेपण. पुढं पुढं नाना दिसला की तो खुर्ची आणि पाणी दोन्ही तयार ठेवायचा, आणि नाना दोन्ही नाकारायचा.

याच दिवसांत नानाचं दुसरं वेड सुरू झालं. कॅलेंडरच्या जाड कागदाच्या दोन नळ्या करायच्या, डोळ्यांना लावायच्या आणि गच्चीवर चालायचं. दोरीवरच्या चादरीला धडकायचा, कुंडीला अडखळायचा. एकदा टाकीच्या पाइपावर गुडघा फोडून घेतला. समोरच्या बिल्डिंगमधली माणसं खिडकीत येऊन बघायची. आमची मंडळी म्हणाली, "नानांना एकदा डॉक्टरला दाखवा. पोळीसाठी माणूस येडा झाला." मी नानाला विचारलं, "हे काय चाललंय?" तर म्हणाला, "प्रॅक्टिस." कसली प्रॅक्टिस ते नाही.

थंडीत मला नांदूर मधमेश्वरला घेऊन गेला. तिथं पाणथळीवर लांबलांबचे पक्षी येतात आणि त्यांना बघायला दुर्बिणीवाली माणसं येतात. नानाला पक्ष्यांशी काही देणं-घेणं नव्हतं. त्याला दुर्बिणी बघायच्या होत्या. एक बाई झाडाखाली उभ्या होत्या, गळ्यात झकास दुर्बीण. नानानं नमस्कार केला, "ताई, जरा बघू?" बाई चांगल्या मनाच्या, त्यांनी काढून दिली. नानानं ती सरळ ताणकाट्याच्या आकड्याला लटकवली. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो काका! अहो, माझ्या मोटरसायकलपेक्षा महाग आहे ती!"

"सहाशे साठ," नाना म्हणाला. "वजन बरोबर हाय. काळजी नका करू ताई, या काट्यावरनं आजवर कायपण पडलं नाय." मग चष्मा चढवला, थरथर सुरू केली आणि तळ्याकडं न बघता लांबच्या एका खांबाकडं बघत राहिला. बराच वेळ. परत देताना म्हणाला, "पूर्ण भाकरी." एवढंच. बाईंना वाटलं म्हाताऱ्याला भूक लागलीय. त्यांनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून दिला. नानानं तोही तोलला.

परत येताना बसमध्ये म्हणाला, "तशी आपल्याला परवडायची नाय. पण सात हजारात तिच्या जवळपास जाता येतं. गडबड नाय करायची."

"गडबड?" मी म्हटलं. "चैत्र दाराशी आला!"

फाल्गुन लागला तेव्हा दुकानात एक दुर्बीण आली. आठ पट, बेचाळीसची काच, वजन सहाशे ऐंशी, किंमत साडेसहा हजार. चष्म्यातून भाकरी पूर्ण. नाना पहिल्यांदाच हसला. पण तिच्याच शेजारी, त्याच किमतीला, दहा पट मोठं दाखवणारी होती. मी म्हटलं, "ही घे."

"नाय. आठच."

"अरे, दहा हे आठापेक्षा मोठे, हे चौथी नापासालाही कळतं!"

"दहात थरथरपण दहापट दिसती, बापू. हात हलला की डोंगर हलतो."

तिथं माझं डोकं फिरलं. सगळ्या दुकानासमोर मी म्हणालो, "तुझा हात हलतोय कुठं? नाटकी थरथर ती! चष्मा खोटा, थरथर खोटी, आणि त्या खोट्यापायी खरा माल सोडतोस? मापाडी म्हणवतोस ना स्वतःला?"

नानाचे हात थांबले. चष्मा काढून त्यानं खिशात ठेवला. मी एकटाच रिक्षा करून घरी आलो. चूक माझी असेल असं मला वाटलं नाही. मला ते सहसा वाटत नाही.

पाच दिवस बोलणं बंद. सहाव्या दिवशी, माझी पक्कड नानाकडं राहिलीय असं निमित्त काढून मी गेलो. तोवर आम्ही ओट्यावर बसणारे. वहिनीच्या हातचा चहा बाहेरच यायचा, बहुतेक वेळा नानाच आणून द्यायचा. त्या दिवशी नाना पिठाच्या गिरणीवर गेला होता. वहिनी म्हणाली, "या ना भाऊजी, आत बसा. चहा टाकते."

मी स्वयंपाकघराच्या दारात बसलो. वहिनीनं कप मांडला. किटली उचलली. उचलली आणि हात थरथरायला लागले. डाव्या हाताचं एक बोट तिनं कपाच्या काठावर ठेवलं, आत जरा वाकवलेलं, चहा कुठवर आलाय ते कळायला. बशी अगदी पुढ्यात होती पण जरा बाजूला. तिचा हात बशीच्या वरून दोनदा गेला आणि तिसऱ्यांदा बशी सापडली. मग तिनं माझ्याकडं तोंड केलं तेव्हा तो चष्मा मला नीट दिसला. जाड भिंगं. फ्रेम वेगळी, भिंगं तीच.

आणि ती थरथर मी वर्षभर बघत होतो. मेनरोडवर, दुकानात. तेवढीच, त्याच चालीची. एका ग्रॅमचा फरक नाही.

"साखर घातली का हो मी?" वहिनीनं विचारलं.

घातली नव्हती. "घातली, बरोबर झालाय," मी म्हटलं आणि सगळा पिऊन टाकला.

नाना आला तशी मी त्याला गच्चीवर नेला. विचारलं नाही, नुसता उभा राहिलो. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला कळलं.

"काचबिंदू हाय," तो म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत. गेलेली नजर माघारी येत नाय, हाय ती थेंब घालून टिकवायची. डॉक्टर म्हनले, किती टिकंल त्याचा वायदा नाय. बाजूचं सगळं गेलं, मधलं तेवढं दिसतं. नळीतनं बघितल्यावानी. कोणाला सांगायचं नाय अशी तिनं शपथ घातली. तिला तिच्या नजरेचा लय अभिमान, बापू. वाडीत सगळ्यात तेज डोळे."

मला कागदाच्या नळ्या आठवल्या. फुटलेला गुडघा आठवला.

"मागच्या चैत्रात ती 'दिसला' म्हणून वरडली ना," नाना म्हणाला, "तव्हा तिचं तोंड गडाकडं नव्हतंच. पलीकडच्या डोंगराकडं बघून वरडली. झेंडा लगेच सगळ्यांना दिसला म्हनून कोणाच्या ध्यानात आलं नाय. मी शेजारी व्हतो. पोळी खाल्ली तिनं, पण खाली बघून खाल्ली. तिला या चैत्रात खराखुरा दिसला पाहिजे. पुढच्या चैत्राचं कोणी सांगावं? मग म्हटलं, नळीतूनच बघायचंय तर नळी तरी चांगली देऊ."

मला माफी मागता येत नाही, कधी शिकलोच नाही. मी म्हटलं, "उद्या दुकानात जाऊ. आठ पटवालीच घेऊ. पण फिटिंग मी तपासणार."

आणि आता जे सांगतो त्याचा मला अभिमान आहे, तो मी लपवणार नाही. दुकानदारानं त्याच जातीचे तीन नग काढले. नानानं पहिला उचलला, तोलला, चष्म्यातून बघितलं, पास केला. मी म्हटलं, "थांब." मोटर आणि पंप जोडताना दोन शाफ्ट एका रेषेत लागतात. केसभर फरक पडला तरी कपलिंग थरथरतं आणि बेअरिंग जातं. दुर्बीण म्हणजे तरी काय, दोन नळ्याच की जोडलेल्या. मी दारात गेलो, समोरच्या इमारतीच्या गच्चीच्या कठड्यावर नजर धरली आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू लांब नेली. डाव्या नळीत कठडा खाली, उजव्या नळीत वर. पायरी पडली.

"हा नग लाइनीत नाही," मी म्हटलं. "तुझा डोळा तरणा आहे, ओढून एक करतो. कमजोर डोळ्याला दोन-दोन दिसेल, डोकं धरेल."

दुकानदारानं स्वतः बघितलं. म्हणाला, "आजोबा, खरंय." नग बाजूला काढून ठेवला. दुसरा नग सरळ निघाला. तोच घेतला. नाना मला दुकानाबाहेर म्हणाला, "बापू, चाळीस वर्षं वजनच बघत आलो. लाइन बघायचं कधी सुचलंच नाय." चौथी नापासाला याहून मोठं सर्टिफिकेट काय पाहिजे?

घरी गच्चीवरून रामशेजचा डोंगर दिसतो. नानानं वहिनीला वर आणलं. "माझं फोकस बरोबर हाय का तेवढं सांग." ती म्हणाली, "तुमच्या यंत्रातलं मला काय कळतंय?" पण चाक फिरवून डोंगर साफ केलाच तिनं. ती खाली गेल्यावर मी मोटरच्या वायरीवर खूण करायचा लाल रंग आणला आणि चाकावर ठिपका दिला. तिच्या नजरेचं फोकस तिथंच, आता बांधावर शोधाशोध नको.

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही वाडीत होतो. सगळा गोतावळा बांधावर. मी माझी वीस पटवालीही गळ्यात घालून गेलो होतो, का ते विचारू नका. हवा धुरकट होती. सुळका दिसत होता पण मळक्या धोतरामागून दिसावा तसा. वहिनीची भावजय म्हणाली, "आज काय दिसायचं नाय बाई, धुराळा लय हाय." मी माझी दुर्बीण लावली. सुळका असा नाचत होता की शिखर कुठलं आणि बगळा कुठला ते कळेना.

नानानं गळ्यातली दुर्बीण काढून वहिनीच्या हातात दिली. "तू बघ."

"अहो, मी कशाला? तुम्ही घेतलीय ना, बघा की."

"धर म्हनतो ना."

तिनं धरली आणि हात थरथरले. नाना तिच्या पुढ्यात बांधावर बसला, गडाकडं तोंड करून. आणि त्यानं टोपी काढली. बारा वर्षांत नानाचं उघडं डोकं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "कोपरं टेकव," म्हणाला. वहिनीनं दोन्ही कोपरं त्याच्या खांद्यांवर टेकवली. मापाड्याचे खांदे ते. ज्यांच्यावर पन्नास-पन्नास किलो बसलं, त्यांच्यावर सहाशे ऐंशी ग्रॅम आणि दोन कोपरं.

"अहो, श्वास नका घेऊ," वहिनी म्हणाली. "डोंगर हलतोय."

नानानं श्वास कोंडला. बांधावर सगळे आपापले डोळे बारीक करून बघत होते. कोणालाच काही दिसत नव्हतं. नानाचे कान लाल झाले.

"दिसला," वहिनी म्हणाली.

ओरडली नाही. नुसतं म्हणाली. पण सगळा बांध वळला.

"कुठल्या अंगाला उडतोय?" नानानं विचारलं. तोंड गडाकडंच. आवाज बाजारात वजन पुकारायच्या आधीचा.

"डावीकडं. आपल्या वाडीकडं. वरचं टोक काठीला गुंडाळलंय. खालचं मोकळं हाय, फडफडतंय."

"बापू, बघ."

वहिनीच्या हातातून मी दुर्बीण घेतली. लाल ठिपक्याला हात लावला नाही. सुळका, त्याच्यावर काठी, काठीवर लाल. डावीकडं. वरचं टोक गुंडाळलेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून नंतर धुरकट झालं, पण तोवर मी सगळं बघून घेतलं होतं.

"डावीकडं," मी पुकारलं. "टोक गुंडाळलेलं. बरोबर!"

बांधावर एकच गलका झाला. भावजय पोळी आणायला घराकडं पळाली. नानानं इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला. वहिनीची कोपरं त्याच्या खांद्यांवर तशीच होती.

"बाजू कशाला विचारली हो?" ती हळूच म्हणाली.

नानानं मांडीवरची टोपी उचलली.

"म्हणजे मागच्या साली तुम्हाला कळलं व्हतं."

तो टोपी हातात घेऊन तिच्यावरची नसलेली माती झटकत बसला.

"मग तव्हाच का नाय बोलला? चाळीस वर्षं काट्यापाशी उभं राहिला, एकदा खोटं वजन चालवून घेतलं नाय तुम्ही. माझंच कसं घेतलं?"

नानानं टोपी डोक्यावर ठेवली, नीट बसवली.

"पोळी तुझी व्हती," म्हणाला. "ती काय काट्यावर घालायची?"